वहीत न लिहिलेले साठ रुपये

बुलढाण्याला रेल्वे नाही. जिल्ह्याचं ठिकाण असूनही नाही. आगगाडी धरायची तर घाट उतरून मलकापूर गाठायचं, नाहीतर नांदुरा, शेगाव. खामगाव-जालना मार्गाचं बोलणं इंग्रजांच्या काळापासून चालत आलेलं आहे, आणि आमच्याकडे एखादं काम लांबलं की अजूनही म्हातारी माणसं त्याच रेल्वेचं नाव घेतात. त्यामुळे गावाचा सगळा भार एसटीवर, आणि एसटीत न मावलेल्यांचा भार जीपवाल्यांवर. माझे बाबा या न मावलेल्या माणसांवर जगत. त्यांची एक जुनी महिंद्रा जीप होती, सरकारी लिलावात घेतलेली. तिच्या दारावर पुसलेल्या अक्षरांची सावली होती, ऊन तिरपं पडलं की कुठल्याशा खात्याचं नाव दिसायचं. बुलढाणा, मोताळा, मलकापूर अशी तिची खेप. राजूर घाटात ती चौदा-पंधरा माणसं, दोन पोती आणि टपावर एखादी सायकल घेऊन दुसऱ्या गिअरवर कण्हत चढायची.

१९९२ साली होळीच्या आठ-दहा दिवस आधी तिला दुखणं लागलं. गाडी उठताना पायाखाली 'टक्क' व्हायचं. हळू चालली की कुठूनतरी चिमणीच्या पिलासारखी चिरचिर यायची. आणि सपाट रस्त्यावर वेग धरला की सीटखाली माश्या कोंडल्यासारखी थरथर. बाबांनी ती एका गॅरेजात दाखवली. तिथल्या माणसाने एक चक्कर मारली आणि क्लच प्लेट गेली म्हणून सांगितलं. प्लेट बदलली, पैसे गेले. टक्क तसंच, चिरचिर तशीच. मग गिअरबॉक्स उघडावा लागेल असं ठरलं. त्या गॅरेजचं नाव इथे काढत नाही. माणूस वाईट नव्हता. त्याला रोग कळला नव्हता एवढंच, आणि कळला नाही हे गिऱ्हाइकासमोर म्हणायला जी छाती लागते ती त्याच्यात नव्हती. पुढे या धंद्यात मी स्वतः ती छाती किती वेळा हरवून बसलो, ते मला ठाऊक आहे.

होळी म्हणजे सैलानीची यात्रा. पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर त्या दिवसांत सगळ्या धर्माची, कुठकुठली माणसं येतात. नारळांची होळी पेटते. आणि जीपवाल्यांचं अर्धं वर्ष त्या आठवड्यात निघतं. गाडी त्या आठवड्यात उभी राहिली असती तर घरात काय झालं असतं, हे आईच्या गप्प बसण्यावरून मला समजत होतं. मी नववीत होतो.

कुणीतरी सांगितलं म्हणून बाबा चिखली रोडवरच्या एका निंबाखाली गेले. मागे पत्र्याचं छप्पर, पुढे काळं तेल पिऊन डांबरासारखी झालेली जमीन, आणि एक ठेंगणा, पांढऱ्या दाढीचा माणूस पाटावर बसून चहा पीत होता. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर त्यांना आवडणार नाही, आणि गावात कुणाला लागणारही नाही.

उस्तादांनी बॉनेट उघडलं नाही. मला ते विचित्र वाटलं. आजारी गाडी म्हणजे बॉनेट उघडायचं, अशी माझी समजूत होती. ते म्हणाले, "दादा, तुम्ही चालवा. मी मांगं बसतो." आणि मागे बाकावर न बसता ते खाली पत्र्यावर बसले, तळवा पत्र्याला टेकवून. मीही चढलो. दोन-अडीच किलोमीटर गेल्यावर एका उतारावर ते म्हणाले, "न्यूट्रल करा. सोडून द्या गाडी." इंजिन सुस्तावलं, गाडी आपल्या वजनाने उतरत राहिली. चिरचिर चालूच. "आता थांबवा. जागीच रेस द्या." इंजिन ओरडलं, चिरचिर गप्प.

"झालं," उस्ताद म्हणाले. "इंजिन साफ, क्लच साफ. चाकासंग आवाज येते, इंजिनासंग नाई येत. चला मांगं."

पुढे मी आयटीआय केलं, गोव्यात कंपन्यांची प्रशिक्षणं केली, जाड जाड पुस्तकं पाहिली. त्या सगळ्यांत रोग शोधण्याची जी पद्धत सांगितली आहे, ती या दोन वाक्यांपलीकडे फारशी जात नाही: आवाज कशासोबत फिरतो ते पाहा, आणि जे त्याच्यासोबत फिरत नाही ते सोडून दे. उघडण्याच्या आधी वगळायचं.

निंबाखाली परत आल्यावर त्यांनी चाकांना दगड लावले, गिअर न्यूट्रलला ठेवला, आणि जॅक न लावता गाडीखाली सरकले. अंगाने एवढेसे होते की जॅकची गरजच नव्हती. मला हाक मारली, "ये बे पोट्ट्या, खाली ये." मी शाळेच्या चड्डीत त्या तेलात लोळलो. गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलच्या गोळ्यापर्यंत जाणारा लांब नळीसारखा शाफ्ट मी पहिल्यांदा पाहिला. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा. मागच्या सांध्याच्या अलीकडे त्यांनी माझा एक हात ठेवला, पलीकडे दुसरा. "आता पीळ. कपडा पिळतो तसा. उलटसुलट."

पिळलं. बाजरीच्या दाण्याएवढं काहीतरी आत सरकलं आणि परत आलं.

"लागलं हाताले?"

"हो."

"एवढंच हाय. एवढ्यासाठी तुह्या बापानं क्लच बदलला."

त्या बाजरीच्या दाण्यावर माझं सगळं आयुष्य उभं आहे असं म्हटलं तर ते जास्त होईल, पण खोटं होणार नाही.

सांध्याला आमच्याकडे 'क्रॉस' म्हणतात. इंग्रजीतलं युनिव्हर्सल जॉइंट हे नाव गॅरेजात कुणी घेत नाही. दुकानात जाऊन 'मागचा क्रॉस द्या' म्हटलं की मिळतो. अधिकच्या चिन्हासारखा लोखंडाचा एक तुकडा, त्याचे चार दांडे, आणि प्रत्येक दांड्यावर एक टोपी. टोपीला कप म्हणायचं. कपाच्या आत कडेने बारीक सुया लावलेल्या, शिवणाच्या सुईपेक्षा जाड आणि नखापेक्षा लहान. त्या सुयांवर दांडा झुलतो, आणि त्या झुलण्यामुळे शाफ्ट वाकड्या रेषेतही फिरत राहतो. गाडीत माणसं भरली की मागचा भाग दबतो, खड्डा आला की एक्सल उसळतो. इंजिन मात्र आपल्या जागी. या दोघांत रोज हजार वेळा जो कोन बदलतो तो क्रॉस सोसतो. ग्रीस असेल तोवर.

आमच्या क्रॉसमध्ये ग्रीस नव्हतं. लिलावाच्या आधीपासूनच नसावं. उस्तादांनी शाफ्ट उतरवला, कप अडवून धरणारे लॉक काढले, वाइसमध्ये सांधा धरला. एका बाजूने लहान पान्याचा सॉकेट, दुसऱ्या बाजूने मोठा. दांडा आवळला की लहान सॉकेट कपाला ढकलतो आणि समोरचा कप मोठ्या सॉकेटच्या पोटात निघून येतो. पहिला कप निघाला तसा आतून तांबडा भुगा सांडला. गुलालासारखा. सुया त्यात होत्या की नव्हत्या, सांगता आलं नसतं. "पाय," ते म्हणाले, "याची होळी अगुदरच झाली."

संध्याकाळपर्यंत गाडी तयार झाली. सैलानीची यात्रा निघाली. तीनशे पंच्याऐंशी रुपये झाले होते, सामान आणि मजुरी धरून. बाबा म्हणाले, यात्रा झाली की देतो. उस्तादांनी लांबट लाल वहीत लिहून घेतलं. यात्रेचे पैसे आले, पण त्यातच दोन टायर गेले आणि आईचं एक जुनं देणं भागवावं लागलं. तीनशे पंच्याऐंशी तसेच राहिले. बाबा चिखली रोडने जायचं टाळू लागले, हे माझ्या लक्षात आलं होतं. जीपवाल्याने एक रस्ता टाळायचा म्हणजे काय, ते जीपवाल्याच्या घरात राहिल्याशिवाय कळत नाही. शेवटी एक दिवस उस्ताद स्वतःच स्टँडवर आले. सगळ्यांसमोर काही बोलले नाहीत. बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, "पोट्ट्याले उन्हाळ्यात पाठवा. रोज पाच रुपये कापतो."

असा मी निंबाखाली गेलो. कर्ज फेडायला.

छपराच्या आत, मागच्या खांबापासून पुढच्या खांबापर्यंत एक जाड तार बांधलेली होती आणि तिच्यात मेलेले क्रॉस ओवलेले होते. तीस-चाळीस तरी. जीपचे, ट्रकचे, मेटाडोरचे, ट्रॅक्टरचे. भंगारात विकले असते तर चार पैसे आले असते. उस्ताद ते विकत नसत. पहिले आठ दिवस मला काम एकच: तारेवरचा एक क्रॉस उतरवायचा, रॉकेलने धुवायचा आणि तो कशाने मेला ते सांगायचं. चुकलो की परत.

दांड्यावर सुयांच्या रांगा उमटलेल्या असतील आणि त्यांत नख अडकत असेल, तर तो क्रॉस फार काळ सरळ रेषेत, कोनाशिवाय चालला. सुया फिरल्याच नाहीत, जागच्या जागी खात बसल्या. दांडा निळसर काळा पडला असेल तर कोरडा चालून तापला. तांबडा भुगा म्हणजे पाणी गेलं, सील फाटलं. एकाच दांड्याची झीज जास्त असेल तर कप वाकडा बसवला होता, म्हणजे क्रॉस नाही, मिस्तरी मेला पाहिजे होता. हे शेवटचं त्यांचं वाक्य.

मग बसवायचं शिकलो. नव्या कपात सुया ग्रीसने चिकटवून ठेवलेल्या असतात. कप दाबताना एखादी सुई पडून तळाशी आडवी झाली की कप पूर्ण आत जात नाही. लॉकची खाच अर्धी झाकलेली राहते. घाईतला माणूस तिथे हातोडा मारतो. हातोड्याने कप जातो आत, लॉकही बसतं, आणि हजार किलोमीटरात सगळं परत तारेवर. उस्ताद म्हणत, खाच पूर्ण दिसत नसेल तर हात थांबव, काढ, सुया मोज. बसल्यावर फोर्कच्या, म्हणजे कप धरणाऱ्या दुबेळक्याच्या, कानाला लाकडी मुठीने दोन हलके ठोके द्यायचे, म्हणजे कप मोकळे होतात. मग सांधा हातात धरून झुलवायचा. जड चालला तर वाईट, लटलटला तरी वाईट. "म्हशीची मान हालते तसं," ते म्हणत. आणि सगळ्यात शेवटी ग्रीस गन. एका निप्पलातून मारायचं, पण चारही कपांच्या तोंडातून ग्रीस डोकावल्याशिवाय गन खाली ठेवायची नाही. तीन बाजूंनी निघालं आणि चौथ्या बाजूने नाही, तर चौथी बाजू कोरडी आहे. तीच आधी मरणार.

मे महिन्याच्या शेवटी मी चूक केली.

एका गिऱ्हाइकाच्या जीपचा पुढचा क्रॉस बदलायचा होता. उस्ताद नमाजाला गेले होते. शाफ्ट मधून दोन तुकड्यांचा असतो. एक तुकडा दुसऱ्यात दातांवर सरकतो, म्हणजे एक्सल वर-खाली झाला की लांबी कमी-जास्त होते. मी साफसफाईसाठी ते दोन तुकडे वेगळे केले आणि नंतर जुळवताना जिथे दात बसले तिथे बसवले. त्यावर बाणांच्या खुणा होत्या. ग्रीसच्या थराखाली होत्या. मी पाहिल्या नाहीत. क्रॉस मात्र असा सुंदर बसवला होता की मी स्वतःवर खूश होतो.

तो माणूस देऊळगाव राजापर्यंत गेला आणि दुसऱ्या दिवशी शिव्या देत परत आला. गाडी आधी थरथरत होती, आता नाचत होती. उस्ताद खाली सरकले, बॅटरी लावून पाहिलं, आणि एक क्षण माझ्याकडे बघितलं. फक्त एक क्षण. मग बाहेर येऊन गिऱ्हाइकाला म्हणाले, "माही चूक झाली. दात चुकला. अर्ध्या घंट्यात करून देतो." त्या माणसाने आणखी बराच वेळ तोंड चालवलं. उस्तादांनी ऐकून घेतलं. नीट करून दिलं, आणि जाता-येताचं डिझेल म्हणून साठ रुपये त्याच्या हातावर ठेवले.

दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यांनी एक जुना शाफ्ट काढला, एक टोक वाइसमध्ये वाकडं धरलं आणि खडूने खुणा केल्या. "फिरव. सावकाश. अन पाय." मी एका बाजूने एकसारखा फिरवत होतो, पण पलीकडची खूण एकसारखी फिरत नव्हती. कुठे पळायची, कुठे रेंगाळायची. एका फेऱ्यात दोनदा पळायची, दोनदा रेंगाळायची. "एक क्रॉस असा लंगडते. म्हणून दोन लावतेत. दुसऱ्यानं पह्यल्याचं लंगडणं खाऊन टाकलं पाहिजे. दोन्ही फोर्क एका रेषेत असले तरच खाते. तू रेष मोडली. आता दोन्ही मिळून लंगडू राह्यले."

हेच मी पुढे बुलढाण्याच्या आयटीआयमध्ये वाचलं. सोळाव्या शतकातल्या इटलीच्या कार्डानोच्या नावाने हा सांधा ओळखतात, आणि इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने १६७६ साली त्यावर लिहिलं. पुस्तकात हिशेब होता: कोन तीस अंशांचा असेल आणि अलीकडचा शाफ्ट मिनिटाला एक हजार फेरे एकसारखे घेत असेल, तर पलीकडच्याची गती प्रत्येक फेऱ्यात ८६६ आणि ११५५ यांच्यामध्ये हेलकावते. जीपचा कोन एवढा नसतो, पण हेलकावा असतोच. सर फळ्यावर कोसाइन लिहीत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर खडूची ती खूण पळत होती, रेंगाळत होती. वर्गात एवढं एकच गणित मला आधीपासून येत होतं.

पण त्या संध्याकाळी मला गणित सुचत नव्हतं. मला वही दिसत होती. उस्ताद घरी गेल्यावर छपराला कुलूप लावायचं काम माझं. मी ती लाल वही उघडली. आमचं पान काढलं. तीनशे पंच्याऐंशी. खाली रोज पाच, पाच, पाच. त्या दिवसाचेही पाच कापलेले होते, म्हणजे चुकीच्या दिवसाचीही मजुरी मला धरलेली होती. साठ रुपये कुठेच नव्हते. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तरी नव्हते. महिन्याने पाहिलं. नव्हते.

उन्हाळा संपला तेव्हा पंच्याऐंशी रुपये बाकी होते. मला वाटलं होतं उस्ताद म्हणतील, जाऊ दे. नाही म्हणाले. दसऱ्याला बाबांनी पंच्याऐंशी रुपये मोजून दिले, त्यांनी मोजून घेतले आणि पानावर आडवी रेघ मारली. चहा पाजला. बाबा त्या दिवशी चिखली रोडने सरळ मान करून घरी आले. तेव्हा मला उस्तादांचा थोडा राग आला होता. आज वाटतं, त्यांनी ते पंच्याऐंशी सोडले असते तर बाबांची मान तशी राहिली नसती.

पुढचं भराभर सांगतो. दहावी, आयटीआयचा डिझेल मेकॅनिक, मधल्या सगळ्या सुट्ट्या निंबाखाली, आणि १९९८ साली एका दूरच्या नातेवाइकाच्या ओळखीने गोवा. पणजीच्या पलीकडे मांडवीच्या काठावर पर्यटकांच्या बोटी दुरुस्त करणारी एक शेड होती. मी समुद्र पाहिला नव्हता. बोट पाहिली होती ती नळगंगा धरणातली मासे धरायची. इथल्या बोटींना गाडीसारखं इंजिन होतं. ते बोटीच्या पोटात मागच्या फळीला टेकून बसवलेलं, आणि फळीच्या बाहेर, पाण्यात, पंख्याचा पाय. या रचनेला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. १९५९ साली व्होल्वो पेंटाने ती बाजारात आणली. पाय उजवी-डावीकडे वळतो, वर उचलला जातो; इंजिन मात्र जागेवर. मला हे कुणी समजावून सांगितलं तेव्हा मी लगेच विचारलं, मग मधे क्रॉस असेल?

होता. एकाला चिकटून दुसरा, दोन. त्यांच्यावर रबराचा चुणीदार भाता चढवलेला, पाणी आत येऊ नये म्हणून.

२००३ च्या पावसाळ्यानंतर, हंगाम उघडायच्या तोंडावर, एका मालकाची बोट आली. तक्रार अशी, की सरळ चालते तोवर ठीक, वळण जोरात घेतलं की मागून गरगर आणि टकटक. दुसऱ्या कुणीतरी त्याला पायातले गिअर बदलायला सांगितले होते. खर्चाचा आकडा ऐकून तो माणूस तीन दिवस झोपला नव्हता. त्याच्या तोंडाकडे पाहून मला स्टँडवरचे बाबा आठवले.

मी उस्तादांचा नियम काढला आणि अडकलो. जीपमध्ये उभ्या गाडीत रेस दिली की शाफ्ट फिरत नाही, म्हणून उभ्या गाडीतला आवाज शाफ्टचा नसतो. पण या बोटीत गिअर बदलायचे दात तिकडे खाली, पायात. म्हणजे न्यूट्रलमध्येही इंजिन चालू असलं की दोन्ही क्रॉस फिरतच असतात. नियम उलटा झाला. मी धक्क्यावर बसून बराच वेळ ते मनात फिरवलं, आणि मग लक्षात आलं की नियम उलटला तरी कामाचाच आहे. बोट धक्क्याला बांधली, न्यूट्रलला ठेवली, इंजिन सुस्त चालवलं. पंखा फिरत नव्हता, खालचे गिअर काम करत नव्हते. मालकाला म्हटलं, स्टीअरिंग हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मी मागे पालथा पडून फळीला तळवा लावला. मधे असताना शांत. टोकाला गेलं की तळव्याला गरगर. म्हणजे कोन वाढला की दुखतं. पायातले गिअर साफ.

बोट वर घेतली, पाय उतरवला. भात्यातून गढूळ तांबडं पाणी सांडलं. एका चुणीत बोटाच्या पेराएवढी चीर होती. क्रॉस हातात धरून झुलवला. एका बाजूने दगडासारखा, दुसऱ्या बाजूने लटलटता. पण तिथेच थांबलो नाही. शाफ्ट जिथून आत जातो तिथे फळीला एक बेअरिंग असतं. त्यात बोट घालून फिरवलं तर तेही खरखरत होतं. पाणी काही एकालाच शोधत जात नाही. दोन क्रॉस, ते बेअरिंग आणि भाता, सगळं बदललं. पाय चढवण्याआधी एक लांब सरळ सळई त्या बेअरिंगमधून इंजिनाच्या दातांपर्यंत सरकवून पाहायची असते, इंजिन रेषेत आहे की नाही त्यासाठी. दोन बोटांनी सरकली तर बरोबर, दाबावी लागली तर इंजिनाच्या पायांखाली उंची बदलायची. आमची सळई अडली. तासभर त्यातच गेला. सांध्याची मला घाई नव्हती; रेष मोडण्याची भीती मला अकरा वर्षांपूर्वीच बसलेली होती.

दुसऱ्या क्रॉसचा तिसरा कप खाच पूर्ण दाखवत नव्हता. शेडमधला पोरगा हातोडा घेऊन आला. मी म्हटलं, "ठेव तो. सुया मोज." एक कमी होती. ती तळाशी आडवी पडलेली सापडली.

मजुरी पूर्ण घेतली. सोडली नाही. जुना क्रॉस मात्र मागून घेतला.

त्या दिवाळीला गोवा एक्स्प्रेसने भुसावळ, तिथून मलकापूर, आणि घाट चढून बुलढाणा. निंब होता. रस्ता रुंद होताना अर्धा तोडला होता, पण होता. छपराखाली आता जीप कमी होत्या. रोटाव्हेटरचे शाफ्ट पडलेले होते. सोयाबीन निघून रान मोकळं झालं की ट्रॅक्टरच्या मागे रोटाव्हेटर लागतात, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर त्यांचे क्रॉस फिरतात आणि धूळ खाऊन मरतात. काम उस्तादांचा मुलगा बघत होता. उस्ताद पाटावर. नजर अधू झाली होती. मी पाया पडायला वाकलो, त्यांनी मधेच हात धरला.

सांध्यावरून माणसांच्या सांध्याची, झिजलेल्या नात्यांची, ग्रीससारख्या मायेची गोष्ट करता येईल. तशी एक उपमा मी गाडीत बसून जुळवूनही आणली होती. त्यांच्यासमोर ती तोंडातून निघाली नाही. पिशवीतून क्रॉस काढला आणि हातात दिला.

त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला नाही. अंगठ्याच्या नखाने दांडा चाचपला. मग दुसरा. तिसऱ्यावर थांबले, नख घासलं, बोटांवर आलेला तांबडा खडबडीत कण चोळला, आणि मान हलवली.

"हा खाऱ्या पाण्यानं खाल्ला. साध्या पाण्याचा गंज असा दाणेदार नसते. संग्रामपूरकडचा हाय का? कोण्या पाण्याच्या टँकरचा?"

पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही अशी गावं. उस्तादांनी त्या बाजूचे ट्रॅक्टर आयुष्यभर पाहिले होते. मी म्हटलं, "उस्ताद, हा समुद्राचा आहे. बोटीचा."

"बोटीले क्रॉस?"

मग मला सगळं सांगावं लागलं. पाय कसा वळतो, भाता, न्यूट्रलमध्येही फिरणारा शाफ्ट. नियम उलटा झाला त्या जागेवर त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा सांगायला लावलं. नंतर बराच वेळ ते दोन्ही हातांची बोटं फोर्कसारखी अडकवून हळूहळू वळवत बसले. मुलाला हाक मारली, तार सोडायला सांगितली. समुद्राचा क्रॉस ट्रकच्या आणि ट्रॅक्टरच्या मधे ओवला गेला. त्यातल्या त्यात लहान दिसत होता.

चहा आला. मी खिशातून वेगळे काढून ठेवलेले साठ रुपये बाहेर काढले आणि पाटावर ठेवले. ते कशाचे, हेही सांगितलं. देऊळगाव राजा, चुकलेला दात, डिझेल.

"वहीत लिवलं हाय का?"

"नाही."

"मंग?"

नोटा त्यांनी माझ्याकडे सरकवल्या आणि मान वळवली. छपराखाली एक नवा पोरगा रोटाव्हेटरच्या शाफ्टला ग्रीस मारत होता, आणि गन खाली ठेवायच्या बेतात होता.

"अबे," उस्ताद ओरडले, "चौथ्या बाजूनं कुठी निघालं?"